जनुक सापडले नाही, म्हणून ते 'लुप्त झाले' असे व्यासपीठावरून म्हणावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात आहेत. त्यांच्या प्रयोगशाळेने एका पक्ष्याचा जीनोम वाचला आहे. रोगप्रतिकाराशी संबंधित एक जनुक माणसात आहे, उंदरात आहे, मगरीत आहे, पण या पक्ष्याच्या असेम्ब्लीत (वाचलेले डीएनएचे तुकडे जुळवून उभ्या केलेल्या जीनोममध्ये) सापडत नाही. विद्यापीठात पृष्ठवंशीयांच्या आनुवंशिकी आणि जीनोमिक्सवर एक दिवसाचा परिसंवाद आहे. त्यात १२ मिनिटांचे भाषण मिळाले आहे आणि अंतिम सारांश द्यायला १० दिवस उरलेत. गाईड म्हणतात, 'जनुक लुप्त झाले' असे ठळक शीर्षक द्या. सीनियर म्हणतो, डेटा कच्चा आहे, भाषण सोडा आणि पोस्टर लावा. तिसरा सल्ला असा की झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या माशात तेच जनुक क्रिस्पर या डीएनए कापायच्या तंत्राने काढून एक चित्र जोडा, भाषणाला वजन येईल. यातले काय करावे?

माझे उत्तर आधीच सांगून टाकते. भाषण द्या. शीर्षकातून 'लुप्त' हा शब्द काढा. झेब्राफिशला या खेपेला हात लावू नका. गेली वीसेक वर्षे मी पृष्ठवंशीयांच्या जीनोमची तुलना करते. असे परिसंवाद भरवले आहेत, सारांश निवडायच्या समितीवरही बसले आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसते तेही थोडे सांगता येईल.

वरवर पाहता हा भाषण की पोस्टर असा पेच आहे. पण तिघांचे सल्ले ज्या एका गोष्टीवर टेकलेत ती कुणी तपासलेली दिसत नाही. 'असेम्ब्लीत नाही' आणि 'पक्ष्यात नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत आणि सध्या तुमच्या हातात फक्त पहिले आहे. आपण म्हणतो, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. जीनोमच्या कामात ही म्हण उलट्या बाजूने वाचावी लागते: पोहऱ्यात आले नाही म्हणून आडात नाही, असे ठरत नाही. पोहऱ्याला भोक असू शकते. आणि पक्ष्यांच्या बाबतीत ते भोक नेमके कुठे असते हे आता बऱ्यापैकी माहीत झाले आहे.

हे मी शहाणपणाने बोलत नाही, तोंड पोळल्यावर बोलते आहे. सुरुवातीच्या काळात मी एका सरड्यात एक जनुक 'लुप्त' केले होते. पोस्टर लावले, मोठ्या अक्षरांत. दुपारी एक ज्येष्ठ संशोधक बाई समोर उभ्या राहिल्या, दोन मिनिटे वाचले आणि एवढेच विचारले, "याचे दोन्ही बाजूंचे शेजारी कुठे आहेत?" मी लॅपटॉप उघडून तिथेच पाहिले. डावीकडचे जनुक एका तुकड्याच्या अगदी शेवटाला होते, उजवीकडचे दुसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला. म्हणजे माझे जनुक जिथे असायला हवे होते तिथेच असेम्ब्ली तुटली होती. त्या काहीच बोलल्या नाहीत, पुढच्या पोस्टरकडे गेल्या. काही महिन्यांनी दुसऱ्या एका ऊतीच्या आरएनएमध्ये, म्हणजे चालू जनुकांच्या प्रतींमध्ये, ते जनुक सहज सापडले.

माझे प्रकरण छोटे होते. पक्ष्यांचे मोठे प्रकरण म्हणजे लेप्टिन. हे चरबीच्या पेशींतून स्रवणारे, भूक आवरणारे संप्रेरक. उंदरात त्याचे जनुक १९९४ मध्ये सापडले. त्या दशकाच्या शेवटी कोंबडीतही ते सापडल्याचे जाहीर झाले. पण तो अनुक्रम उंदराच्या अनुक्रमाशी जवळजवळ तंतोतंत जुळत होता. पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्या वाटा ३० कोटी वर्षांहून आधी वेगळ्या झाल्या, तेव्हा इतके साम्य पाहूनच शंका यायला हवी होती, आणि काहींना ती आलीही. २००४ मध्ये कोंबडीचा जीनोम प्रसिद्ध झाला, त्यात लेप्टिन नव्हते. मग वारे उलटे फिरले: पक्ष्यांनी लेप्टिन गमावले, असे बोलले जाऊ लागले. २०१४ मध्ये झेब्रा फिंच आणि बहिरी ससाणा यांच्यात खरे लेप्टिन सापडले, २०१६ मध्ये कोंबडीत आणि बदकातही. ते सगळा वेळ तिथेच होते, फक्त त्यात डीएनएच्या चार अक्षरांपैकी (ए, टी, जी, सी) जी आणि सी या दोन अक्षरांचे प्रमाण इतके जास्त होते की वाचणाऱ्या यंत्रणेच्या हाती लागत नव्हते. आधी नसलेले 'आहे' म्हटले गेले, मग असलेले 'नाही' म्हटले गेले. दोन्ही वेळा डेटाकडे बोट दाखवून.

तुमचे जनुक रोगप्रतिकारातले आहे म्हणून आणखी एक उदाहरण. टीएनएफ-अल्फा हा दाह पेटवणारा महत्त्वाचा रेणू. पक्ष्यांत तो नाहीच असे अनेक वर्षे मानले जात होते आणि त्याशिवाय पक्ष्यांचा दाह कसा चालतो यावर अंदाज बांधले जात होते. २०१८ मध्ये कोंबडीतला टीएनएफ-अल्फा सापडला. कारण तेच, जीसीची गर्दी. २०१४ मध्ये तर एका अभ्यासात पक्ष्यांतून गायब असलेल्या २७४ जनुकांची यादी आली होती. पुढच्या काही वर्षांत त्यातली अनेक जनुके आरएनएच्या माहितीत आणि नव्या असेम्ब्लींत सापडली. तेव्हा तुमच्या भाषणाला येणाऱ्या कुणालाही हा इतिहास माहीत असेल तर 'लुप्त' हा शब्द दिसताच त्याचा हात वर जाणार, हे धरून चला.

असे का होते ते नीट समजून घ्या, कारण प्रश्नोत्तरात हेच उपयोगी पडेल. जी आणि सी यांच्या जोडीत तीन हायड्रोजन बंध असतात, ए आणि टी यांच्या जोडीत दोन. जीसीने भरलेला डीएनए तापवला तरी सहज सुटत नाही, सुटलाच तर स्वतःवरच दुमडून गाठी मारतो. छोट्या रीड्सच्या (यंत्राने एका खेपेला वाचलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) पद्धतीत नमुना तयार करताना बहुधा पीसीआर या तंत्राने डीएनएच्या प्रती वाढवतात. ज्या तुकड्यांवर पॉलिमरेज (प्रत काढणारे विकर) अडखळते त्यांच्या प्रती कमी होतात, प्रती कमी म्हणून रीड्स कमी, रीड्स कमी म्हणून असेम्ब्लीत तिथे खिंडार. पक्ष्यांत ही अडचण जास्त बोचते, कारण त्यांच्याकडे इवली इवली सूक्ष्म गुणसूत्रे असतात. कोंबडीच्या ७८ गुणसूत्रांपैकी बरीचशी अशी आहेत. ती जनुकांनी ठासून भरलेली आणि जीसीने समृद्ध असतात. म्हणजे जिथे जनुके जास्त, नेमके तिथेच वाचन दुबळे.

हा फक्त पक्ष्यांचा दोष नाही. वाळवंटी उंदराची एक जात आहे, सॅन्ड रॅट. तिला मधुमेह सहज होतो. तिच्यात पीडीएक्स१ हे जनुक सापडत नव्हते. स्वादुपिंड घडायला आणि इन्सुलिनसाठी हे जनुक लागते, आणि मधुमेहाशी त्याचा संबंध इतका चपखल बसत होता की 'गमावले म्हणून मधुमेह' ही गोष्ट आपोआप तयार झाली. २०१७ मध्ये ते सापडले, जीसीने भरलेल्या आणि विलक्षण वेगाने बदललेल्या पट्ट्यात. गोष्ट चपखल बसते तेव्हा मी आता जास्त सावध होते. तुमच्या गाईडना शीर्षक आवडण्याचे कारणही बहुधा हेच असावे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमची असेम्ब्ली फक्त छोट्या रीड्सची असेल तर मी वर लिहिलेले सगळे पूर्ण ताकदीने लागू होते. लांब आणि अचूक रीड्सची असेल, वर हाय-सीने (पेशीत डीएनएचे कोणते भाग एकमेकांजवळ असतात ते दाखवणाऱ्या तंत्राने) गुणसूत्रांपर्यंत जोडलेली असेल, तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे. व्हर्टेब्रेट जीनोम्स प्रोजेक्टने २०२१ मध्ये १६ जातींच्या अशा असेम्ब्ली प्रसिद्ध केल्या, आणि जुन्या असेम्ब्लींतली किती 'गायब' जनुके प्रत्यक्षात गायब नव्हती हे त्यांच्या तुलनेतून उघड झाले. तरीही लांब रीड्स म्हणजे अमृत नव्हे. काही ठराविक पुनरावृत्तींच्या पट्ट्यांत, विशेषतः जी आणि ए यांच्या लांबलचक माळांत, तेही विरळ होतात.

एक सवय मात्र आजच सोडा. प्रश्नात तुम्ही लिहिले आहे की बस्को या असेम्ब्ली तपासायच्या साधनाचा आकडा उत्तम आहे, म्हणून असेम्ब्ली पूर्ण आहे. इथेच घोडे पेंड खाते. बस्को काय करते? बहुतेक जातींत एकेक प्रत सापडणाऱ्या जनुकांची यादी घेते आणि ती तुमच्याकडे आहेत का ते पाहते. पृष्ठवंशीयांच्या एका प्रचलित यादीत ३,३५४ जनुके आहेत, पक्ष्यांच्या यादीत ८,३३८. पण ही यादी आधीच्या असेम्ब्लींवरूनच बनते. जे जनुक सगळ्याच जुन्या पक्षी-असेम्ब्लींतून निसटत होते ते पक्ष्यांच्या यादीत येईलच कसे? हजेरीपटावर ज्याचे नाव नाही तो गैरहजर कधीच दिसत नाही. बस्कोचा आकडा दाखवा, पण तुमच्या जनुकाचा पुरावा म्हणून दाखवू नका.

दहा दिवसांत काय करता येईल? बरेच काही, आणि बहुतेक सगळे संगणकावर.

पहिले, शेजारी. मगर आणि कासव घ्या, तुमच्या जनुकाच्या दोन्ही बाजूंची पाच-पाच जनुके लिहून काढा आणि तुमच्या पक्ष्यात ती कुठे आहेत पाहा. मगर यासाठी की पक्ष्यांचे सर्वांत जवळचे हयात नातेवाईक मगरवर्गीयच. शेजारी एकाच तुकड्यावर, त्याच क्रमाने, मधे एकही एन-अक्षरांची (न वाचता आलेल्या जागेची) पोकळी नसताना आढळले आणि मधला तुमचा गडी तेवढा नाही, तर तुमच्या हातात खरोखर काहीतरी आहे. शेजारीही गायब असतील तर एक जनुक हरवलेले नाही, अख्खी गल्ली हरवली आहे, आणि गल्ली हरवली की संशय आधी असेम्ब्लीवर घ्यायचा.

दुसरे, कच्चे रीड्स. असेम्ब्लीत न बसलेले रीड्स फेकले जातात, पण ते फाइलमध्ये असतातच. कोंबडीचे किंवा मगरीचे प्रथिन घेऊन थेट रीड्समध्ये शोधा. डीएनएऐवजी प्रथिनाच्या अनुक्रमाने शोधायचे, कारण इतक्या दूरच्या नात्यात डीएनएचे साम्य विरून जाते. प्रथिनही वेगाने बदलणारे असेल, आणि रोगप्रतिकारातली प्रथिने तशी असतातच, तर अनेक जातींवरून बनवलेली प्रोफाइल वापरा. दोन-चार रीड्स जरी ठामपणे जुळले तरी 'लुप्त' प्रकरण तिथेच मिटले. हो, ते रीड्स दूषित नमुन्यातून आलेले नाहीत ना, हेही बघायचे. कोंबडीच्या त्या पहिल्या लेप्टिनची आठवण ठेवा.

तिसरे, आरएनए. सार्वजनिक संग्रहात तुमच्या पक्ष्याचा किंवा त्याच कुळातल्या दुसऱ्या पक्ष्याचा आरएनए डेटा असेल. ऊती बघून घ्या. प्रतिकाराचे जनुक मेंदूच्या डेटात शोधून नाही सापडले तर त्याला काही अर्थ नाही. प्लीहा, बर्सा (पक्ष्यांत प्रतिकाराच्या पेशी घडवणारे इंद्रिय), फुप्फुस, आणि शक्य तर संसर्ग झालेल्या प्राण्याचा नमुना.

चौथी तपासणी मला सर्वांत प्रिय आहे आणि ती फार कमी लोक करतात. तुमच्या असेम्ब्लीत लेप्टिन शोधा. टीएनएफ-अल्फा शोधा. लपून बसायची सवय असलेली, पण इतर पक्ष्यांत आता खात्रीने सापडलेली अशी दहा-पंधरा जनुके घ्या आणि तुमच्या पद्धतीने ती सापडतात का पाहा. प्रयोगशाळेत आपण प्रत्येक पीसीआरला पॉझिटिव्ह कंट्रोल लावतो, मग संगणकावरच्या शोधाला का लावत नाही? पंधरापैकी चौदा सापडली आणि तुमचे नाही सापडले, तर सभागृह ताठ होऊन बसेल. पंधरापैकी तीनच सापडली तर तुमचा पोहरा गळका आहे, आणि हे तुम्हाला व्यासपीठावर जायच्या आधी कळलेले बरे. ही एक स्लाइड असेल तर अर्धे प्रश्न विचारलेच जाणार नाहीत.

नमुना नर होता की मादी, हे तुम्ही लिहिलेले नाही. पक्ष्यांत मादी झेडडब्ल्यू आणि नर झेडझेड असतो. नमुना नराचा असेल तर डब्ल्यू गुणसूत्रावरचे काहीच मिळणार नाही. आणि तुमचा पक्षी गाणाऱ्या पक्ष्यांपैकी असेल तर एक मजेशीर गोष्ट: त्यांच्यात एक गुणसूत्र फक्त जननपेशींच्या वंशात असते, रक्तात आणि स्नायूत नसतेच. झेब्रा फिंचमध्ये ते १९९८ मध्ये लक्षात आले. तुमचे जनुक तिथे असण्याची शक्यता फारशी नाही, पण रक्ताच्या नमुन्यावरून 'या प्राण्याचा संपूर्ण जीनोम' असे म्हणताना माझी जीभ तेव्हापासून जरा अडखळते.

मग खरेच लुप्त झालेले जनुक कसे दिसते? अटलांटिक कॉडचे उदाहरण बघा. २०११ मध्ये त्याचा जीनोम आला तेव्हा त्यात एमएचसी वर्ग दोन सापडला नाही. प्रतिकारशक्तीचा हा एक मुख्य खांब, म्हणून लोकांच्या भुवया उंचावल्या. पण त्या लेखकांकडे फक्त एका जनुकाची अनुपस्थिती नव्हती. त्याच मार्गावरचे सीडी४ निकामी झालेले होते, त्याला साथ देणारी इन्व्हेरिएंट चेनही नव्हती, आणि उलट बाजूला एमएचसी वर्ग एकच्या प्रती भरमसाट वाढलेल्या होत्या. अख्खी यंत्रणा मोडीत निघाल्याची खूण होती. २०१६ मध्ये कॉडच्या नातेवाईक माशांचे जीनोम वाचल्यावर हीच उणीव त्यांच्यातही दिसली. वेगवेगळ्या नमुन्यांत, वेगवेगळ्या जातींत तीच जागा रिकामी असेल, तर यंत्राच्या चुकीला वाव उरत नाही.

दुसरी खूण म्हणजे अवशेष. अंटार्क्टिकातल्या आइसफिशच्या रक्तात हिमोग्लोबिन नाही, आणि जीनोममध्ये अल्फा-ग्लोबिनचा मोडका तुकडा अजून पडलेला आहे. माणसात क जीवनसत्त्व बनवणारे जनुक निकामी आहे, पण त्याचे भग्न रूप आपल्या गुणसूत्रावर आजही वाचता येते. तुमच्या पक्ष्यात योग्य शेजाऱ्यांच्या मधे जनुकाचा असा एखादा मोडका भाग, प्रथिन बनणे मधेच थांबवणाऱ्या खुणांसह, मिळाला तर तो मिळालेला प्रत्येक अक्षराचा तुकडा सोन्यासारखा जपा. तो 'नाही'चा पुरावा नसून 'होते आणि मोडले' याचा पुरावा आहे, आणि हा कितीतरी ताकदीचा.

पक्ष्यांतही खरे लोप आहेत बरे का. विषाणूचा आरएनए ओळखणारे रिग-आय हे जनुक बदकात आहे, कोंबडीत नाही. बदकाला इन्फ्लुएन्झा बऱ्याचदा सोसतो आणि कोंबडी मरते, याच्याशी त्याचा संबंध २०१० मध्ये जोडला गेला. हे पटण्याजोगे झाले ते बदक शेजारी उभे असल्यामुळे: एका पक्ष्यात जनुक सापडते, म्हणजे पक्ष्यांत ते शोधता येते, हे सिद्ध होते. तुमच्या पक्ष्याचा असा 'बदक' शोधा.

झेब्राफिशबद्दल. हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण झेब्राफिशमध्ये जनुक काढून तुमच्या पक्ष्याबद्दल काय कळणार? पक्ष्यात ते आहे की नाही, हे तर मुळीच नाही. त्यावर आणखी गुंते. झेब्राफिश ज्या गटात येतो त्या टेलिओस्ट माशांच्या पूर्वजात अख्ख्या जीनोमची एक जादा दुप्पट झाली होती, त्यामुळे माणसाच्या एका जनुकाला झेब्राफिशमध्ये अनेकदा दोन जोडीदार असतात. एक काढाल तर दुसरे सांभाळून घेईल. दुसरे असे की मॉर्फोलिनो या कृत्रिम रेणूने जनुक तात्पुरते दाबले तर दिसणारा परिणाम आणि जनुकच कायमचे बिघडवले तर दिसणारा परिणाम यांत तफावत असते, हे २०१५ मध्ये झेब्राफिशवाल्यांनी स्वतःच दाखवले. बिघडलेल्या जनुकाचा आरएनए तुटताना सारख्या अनुक्रमाची दुसरी जनुके चढवली जातात, हे २०१९ मध्ये समजले. आणि क्रिस्परचे इंजेक्शन दिलेली पहिली पिढी मोझेक असते, काही पेशी बदललेल्या, काही नाही. दहा दिवसांत यातले एकही बीळ तुम्ही बुजवू शकणार नाही. सभागृहात झेब्राफिशवर आयुष्य घालवलेले लोक असतील. बारा मिनिटांतली सहा मिनिटे तुमच्या घाईच्या प्रयोगावर जातील आणि पक्षी बाजूलाच राहील.

आता भाषणाविषयी. परिसंवाद विद्यापीठाचा आहे आणि विषय पृष्ठवंशीय, म्हणजे श्रोते मिश्र असतात. उंदरांवर काम करणारे, माणसाच्या रोगांवर काम करणारे, माशांवाले, बेडकांवाले, आणि फक्त संगणकावर बसणारे आमच्यासारखे. यांतल्या निम्म्यांना तुमचा पक्षी माहीत नसेल आणि निम्म्यांना तुमचे जनुक. त्यामुळे पहिल्या मिनिटात एक छोटा वंशवृक्ष दाखवा: माणूस, उंदीर, मगर, कोंबडी, तुमचा पक्षी, जनुक आहे तिथे भरीव टिंब, सापडले नाही तिथे पोकळ. हा वृक्ष पुढच्या प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात ठेवा. कोणी मधेच झोपला आणि जागा झाला तरी त्याला ठिकाण कळते.

जनुकांची नावे नीट लिहा. माणसाच्या जनुकाला सगळी मोठी अक्षरे, उंदराच्या जनुकाला फक्त पहिले मोठे, झेब्राफिशच्या जनुकाला सगळी लहान, आणि तिन्ही तिरप्या ठशात. पक्ष्यांसाठी कोंबडीची पद्धत चालते, ती माणसासारखीच. क्षुल्लक वाटेल, पण अक्षरांचा आकार पाहूनच श्रोत्याला कळते की तुम्ही कोणत्या प्राण्याबद्दल बोलताय. मी समितीवर असताना सारांशात ही चूक दिसली की पुढचे वाचन जरा कडक नजरेने होत असे, हे कबूल करायला हरकत नाही.

सारांशातले वाक्य कसे असावे? तपासण्यांच्या निकालावर ठरवा. काहीच केले नसेल तर 'आमच्या असेम्ब्लीत हे जनुक आढळले नाही.' शेजारी, रीड्स आणि कंट्रोल ही तिन्ही झाली असतील तर 'शेजारची जनुके अखंड असूनही, ज्या पद्धतीने लपलेली इतर जनुके सापडली त्याच पद्धतीने हे जनुक कच्च्या रीड्समध्येही सापडले नाही.' अवशेष किंवा नातेवाईक जातींतला तोच नमुना मिळाला, तरच 'लोप'. मधले वाक्य लांबलचक आहे, मान्य. पण माझ्यासारखा माणूस समितीवर असेल तर त्या लांबलचक वाक्याला भाषण देईल आणि ठळक शीर्षकाला पोस्टर. शीर्षक प्रश्नार्थक ठेवले तरी चालते: 'अमुक पक्ष्यात तमुक जनुक खरेच नाही का?' उत्तर मिळो न मिळो, लोक ऐकायला येतात.

भाषण सोडू नका म्हणते त्याचे कारण आता लक्षात आले असेल. अपुऱ्या डेटाचे भाषण वाईट नसते, अपुऱ्या डेटावर पुरी विधाने करणारे भाषण वाईट असते. विद्यापीठाचा एकदिवसीय परिसंवाद ही तर अर्धवट काम दाखवायचीच जागा आहे. त्या दिवशी सभागृहात कुणाकडे तरी त्याच कुळातल्या पक्ष्याचे लांब रीड्स पडून असतात. 'हे तपासायला मला अमुक पक्ष्याचा प्लीहेचा नमुना हवा आहे' असे शेवटच्या स्लाइडवर सरळ लिहा. इतरांबरोबरच्या माझ्या दोन संयुक्त कामांची सुरुवात अशाच एका ओळीतून झाली. पोस्टरचा पर्याय वाईट नाही, तिथे गप्पा जास्त होतात, पण मिळालेली वेळ स्वतःहून परत करू नये.

प्रश्नोत्तरात तीन गोष्टी हमखास विचारल्या जातील. जीसी किती? मगरीतल्या आणि इतर पक्ष्यांतल्या त्या जनुकाचे जीसी-प्रमाण मोजून ठेवा. पीसीआर केला का? बीटेन किंवा डीएमएसओ (जीसीच्या गाठी सोडवायला मदत करणारी रसायने) घालून, शेजाऱ्यांवर प्रायमर (प्रत सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) बसवून मधला पट्टा उचलायचा प्रयत्न करता येतो. वेळ नसेल तर 'पुढे करणार' म्हणा, त्यात कमीपणा नाही. तिसरा प्रश्न उंदरांवाल्यांकडून येतो: उंदरात हे जनुक काढले की उंदीर आजारी पडतो, मग तुमचा पक्षी जगतो कसा? यावर लगेच सिद्धान्त रचू नका. त्याच कुटुंबातली दुसरी जनुके तुमच्या पक्ष्यात आहेत का, त्यांच्या प्रती वाढल्यात का, एवढे सांगा आणि थांबा.

राहिले गाईड. त्यांना 'तुमचे शीर्षक चूक आहे' असे सांगायला जाऊ नका. चार तपासण्यांचे निकाल एका कागदावर घेऊन जा, वर लेप्टिनची दोन ओळींची कहाणी, आणि विचारा, 'मॅडम, यातून कोणते वाक्य उभे राहते?' किंवा सर, जे असेल ते. डेटा समोर असला की बहुतेक गाईड स्वतःच शीर्षक बदलतात. नाही बदलले तरी सारांश तुमच्या नावाने जातो, हे नम्रपणे पण एकदा तरी बोलून दाखवा.

आणि हो, छोटे रीड्स की लांब, नमुना रक्ताचा की दुसरा कसला, नर की मादी, हे आज संध्याकाळीच प्रयोगशाळेच्या वहीत पाहून ठेवा. वरच्यातले नेमके काय लागू होते ते त्यावर ठरेल. शेजाऱ्यांची तपासणी मात्र कशाचीही वाट न पाहता सुरू करा, तिला एक दुपार पुरते.